मेनिस्कसचं ऑपरेशन: शेजारी तिसऱ्या दिवशी चालले, मग भावाला 6 आठवडे का?

कोथरूडकर:
भावाच्या (वय 38) उजव्या गुडघ्याच्या मेनिस्कसवर (सांध्यातली कूर्चेची गादी) दुर्बिणीतून ऑपरेशन होऊन 9 दिवस झाले. 6 आठवडे पायावर वजन टाकायचं नाही, 90 अंशांपुढे गुडघा वाकवायचा नाही, असं सांगितलंय. सोसायटीतले एक काका याच ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी चालत होते! घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ऑफिस हिंजवडीला, गिअरच्या बाइकवर जातो. आणि सिंहगड कधी?

अस्थिरोग_पुणे:
डिस्चार्ज कार्ड बघा. ‘पार्शल मेनिसेक्टमी’ म्हणजे फाटका तुकडा कापून काढला. तिथे जुळून यायचं काही नसतं, म्हणून काका लगेच चालले. ‘रिपेअर’ म्हणजे टाके घातलेत. मेनिस्कसला रक्त मिळतं ते मुख्यतः बाहेरच्या कडेने, त्यामुळे जुळायला वेळ लागतो.

रिपेअरमध्येही फाट कशी आहे ते महत्त्वाचं. वजन पडलं की मेनिस्कस बाहेर ढकललं जातं. कडेला समांतर फाट असेल तर तिचे काठ एकमेकांवर दाबले जातात, म्हणून पाय सरळ ठेवणाऱ्या ब्रेसमध्ये लवकर वजन टाकू देतात. फाट आडवी (रॅडिअल) किंवा मुळापाशी (मेनिस्कस हाडाला जोडलेलं असतं तिथे) असेल तर तेच वजन काठ ओढून वेगळे करतं. तिथे 6 आठवडे पाळायचेच. जास्त वाकवलं की मागच्या भागातल्या टाक्यांवर ताण येतो, म्हणून 90 ची मर्यादा. दुखत नाही म्हणजे जुळलं, असं समजू नका.

फिजिओ_सदाशिव:
यात सर्रास होणारी चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी. आराम वाटतो, पण गुडघा पूर्ण सरळ व्हायचा राहतो आणि नंतर लंगडणं जात नाही. उशी टाचेखाली घ्या, गुडघा अधांतरी. ब्रेस काढायची परवानगी असेल तरच.

सूज असेपर्यंत मांडीचा पुढचा स्नायू नीट काम करत नाही. त्यासाठी पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, 5 सेकंद धरायची, 10 वेळा, दिवसातून चार-पाचदा. बर्फ फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं.

पोटरी दुखून सुजली तर तेल लावून रगडू नका, रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवा. ताप येऊन गुडघा लाल, गरम झाला तरी तसंच. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत.

कोथरूडकर:
कार्डवर ‘रॅडिअल टिअर, रिपेअर’ आहे. म्हणजे 6 आठवडे नक्की. जिन्याचं कसं करू?

फिजिओ_सदाशिव:
एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताखाली कुबडी. चढताना चांगला पाय आधी, मग कुबडी. उतरताना कुबडी आधी, मग चांगला पाय. ऑपरेशनचा पाय अधांतरीच. तुम्ही चढताना त्याच्या मागे राहा, उतरताना एक पायरी पुढे. फेऱ्या कमीच ठेवा. पहिले काही आठवडे घरून काम मिळालं तर उत्तम.

मांडी घालणं, उकिडवं बसणं किमान 4 महिने नाही. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणाच.

अस्थिरोग_पुणे:
बाइक तर ब्रेस सुटून, वजन पेलून, उजव्या पायाने झटक्यात ब्रेक दाबता आल्यावरच. सिग्नलला पाय टेकून अंग वळवलं की गुडघ्याला पीळ बसतो.

सिंहगड साधारण सहाव्या महिन्यानंतर, तेही एका पायावरची ताकद दुसऱ्याच्या जवळपास आली तर. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो. पहिल्या काही वेळा पायवाटेने चढा, खाली मात्र डांबरी रस्त्याने गाडीतून या.