अमोनियाचा वास आला तर पळायचं कोणीकडे? (पारडी-कळमना भाग)

पारडीवाली:
नमस्कार मंडळी. आमचं ले-आउट नागपुरात पारडीला, भंडारा रोडपासून थोडं आत. मागच्या बाजूला मिरचीचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे गारव्यासाठी अमोनिया गॅस वापरतात. मध्ये एक नाली आणि कंपाउंडची भिंत, बस. पंधरा वर्षं राहतोय, कधी त्रास नव्हता.

गेल्या मंगळवारी रात्री अडीचला डोळे चुरचुरले म्हणून जाग आली. आधी वाटलं, यांनी पुन्हा बाथरूममध्ये ॲसिड ओतलं. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा. उन्हाळा असल्यामुळे अर्धं ले-आउट गच्चीवर झोपलेलं. ते सगळे खाली उतरले आणि मेन रोडकडे धावले, म्हणजे कोल्ड स्टोरेजच्या गेटसमोरूनच! दोघांनी सिलिंडरवाल्याला फोन लावला. माझ्या सासूबाई वॉकरवर चालतात. त्यांना उठवून बसवलं आणि मी तशीच उभी राहिले, पुढे काय करायचं ते सुचेचना. कूलर आपला फुल स्पीडवर सुरू. वीसेक मिनिटांत वास ओसरला. सकाळी मॅनेजर म्हणाले, "तेल काढताना थोडी गॅस निघाली, काही नाही."

मी ले-आउटची सेक्रेटरी, त्यामुळे आता जो तो मला विचारतो. घरात थांबायचं की पळायचं? आणि अशा वेळेसाठी काही सरकारी प्लॅन असतो का? असेल तर आम्हाला कोणी सांगितला कसा नाही?

जुना_ऑपरेटर:
ताई, मी अठ्ठावीस वर्षं कोल्ड स्टोरेजचा प्लांट चालवला. मॅनेजर खोटं नाही बोलले, अर्धं बोलले. कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबत वाहत जाऊन खाली साचते, ते मधून मधून काढावं लागते. व्हॉल्व्ह जरासा उघडून समोर उभं राहाचं असते. ऑपरेटर तंबाखू मळायला बाजूले गेला, की तेल संपून मागून अमोनिया येते. म्हणून स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह मिळते, हात सोडला की आपोआप बंद. तुमच्या मागे तो लावला आहे का, एवढं विचारून घ्या. बाकी मॅनेजर काय सांगतो ते नंतर.

आता घरचं. कूलर पहिले बंद! बाप्पा, कूलर म्हणजे बाहेरची हवा ओढून तुमच्या पलंगावर सोडणारं मशीन आहे. गच्चीवरचे लोक खाली, घरात. दारं-खिडक्या बंद, फटीत ओले कपडे. अमोनिया पाण्यात लवकर विरघळते, म्हणून नाकातोंडाले ओला दुपट्टा कामाचा. पण तो दोन-चार मिनिटांपुरता, त्याच्या भरवशावर गेटकडे पाहाले जाऊ नका. डोळे चोळू नका, पंधरा मिनिटं साध्या पाण्यानं धुवा.

पळाचंच झालं, वास घरातही सहन होत नसला, तर वाऱ्याले आडवं पळा. वारा ज्या दिशेनं जाते त्याच दिशेनं पळाल तर गॅस तुमच्यासोबतच येईल. रस्ता कोणता जवळचा ते पाहू नका, मंदिराचा झेंडा कोणीकडे फडफडते ते पाहा.

आणखी एक. अमोनिया हवेपेक्षा हलकी आहे म्हणून वर निघून जाते, असं कोणी सांगितलं तर पूर्ण खरं धरू नका. जास्त प्रमाणात सुटली तर थंडगार पांढरं धुकं होऊन जमिनीलगत सरकते. माझ्या डोळ्यानं पाहिलं आहे. गुडघ्याएवढं धुकं, आणि त्यात आमच्या हेल्परची सायकल दिसेनाशी झाली होती.

फाइलवाला:
सरकारी प्लॅनचं सांगतो, माझा या कागदांशी संबंध आला आहे. घातक रसायनांचे नियम १९८९ चे आहेत. मोठा साठा असलेल्या कारखान्याने स्वतःच्या आवाराचा आपत्कालीन आराखडा करायचा, आवाराबाहेरचा जिल्हा प्रशासनाने करायचा आणि त्याची वर्षातून एकदा तरी रंगीत तालीम घ्यायची. आजूबाजूच्या लोकांना आधी माहिती देणंही त्यातच आलं. १९९६ च्या नियमांनी कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट आला. भोपाळमध्ये १९८४ च्या त्या रात्री लोकांना कोणीच काही सांगितलं नव्हतं, त्यातून हे सगळं निघालं.

पण मेख इथे आहे. हे "मोठा साठा" मोजतात टनांत, आणि अमोनियासाठी तो आकडा पन्नास-साठ टनांच्या घरात जातो. कोल्ड स्टोरेजमध्ये सहसा त्याच्या कितीतरी कमी असतो. म्हणजे बुटीबोरीतला एखादा मोठा कारखाना आराखड्यात येईल, तुमच्या भिंतीमागचं कोल्ड स्टोरेज बहुतेक येणार नाही. पेसोचं, म्हणजे स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, मुख्यालय इथेच सेमिनरी हिल्सला, राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपुरात, आणि आपण रात्री अडीचला सिलिंडरवाल्याला फोन लावतो! तरी कलेक्टर ऑफिसच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला लेखी पत्र द्याच, पोच घ्या. रात्री ११२ किंवा फायर ब्रिगेडचा १०१. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७.

संत्रा_बर्फी:
एवढं कशाला? कोल्ड स्टोरेजच तिथून हलवा म्हणावं. मोर्चा काढा, मी येतो.

पारडीवाली:
भाऊ, माझे यजमान कळमना मार्केटमध्ये मिरचीचे अडते आहेत. त्यांचाच माल त्या भिंतीमागे ठेवलेला असतो. मोर्चा कोणत्या तोंडानं काढू?

पारडीवाली (तीन आठवड्यांनी):
काका, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. मॅनेजरनी आधी विषय बदलला, मग मेकॅनिकला बोलावलं. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह नव्हता, आता लावलाय. खरी गंमत पुढे आहे. रात्रपाळीचा पोरगा गळती झाली की फक्त मॅनेजरला फोन करायचा, आणि मॅनेजर राहतात मानेवाड्याला! आता त्याच्या टेबलाजवळ भिंतीवर खडूनं १०१ आणि आमच्या दोन घरांचे नंबर लिहिलेत. पत्राची पोच मिळाली, उत्तर नाही.

रविवारी सकाळी सातला तालीम केली. ती फसली, आणि बरं झालं फसली. मागच्या गेटनं निघायचं ठरलं होतं, त्याला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे, ते पचमढीला. आता किल्ली गेटजवळच्या तीन घरांत आहे. मंदिराच्या झेंड्यावर बल्ब लावला, कारण रात्री झेंडा दिसतच नाही हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पळू न शकणारी माणसं मोजली तर नऊ घरांत अकरा निघाली. प्रत्येकासाठी शेजारचा एक जण नेमलाय. त्यातले दोघे नेमकं कोणाचं दार ठोठवायचं ते तालमीतच विसरले.

सासूबाईंसाठी देवघराची खोली ठरली, तिला एकच खिडकी. फटीत कोंबायला त्यांचं जुनं लुगडं आणि पाण्याची बादली तिथंच ठेवली आहे. त्यांची एकच अट: लुगडं नऊवारी आहे, फाडायचं नाही, घडी घालूनच लावायचं.