गाइड पाहून खेळलेला गेम आपणच खेळलो, असे म्हणता येईल का?

अनवट (प्रश्न)

गेल्या महिन्यात मी ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) खेळत होतो. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की या गेममध्ये दर २२ मिनिटांनी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत आपल्यासोबत येते ते केवळ आपल्याला समजलेले. नवे शस्त्र मिळत नाही आणि ताकदही वाढत नाही. आपण ज्यातून फिरतो त्या अंतराळयानातल्या संगणकावर एक नोंदवही असते. सापडलेल्या ठिकाणांची छोटी चित्रे तिथे रेघांनी एकमेकांना जोडलेली दिसतात आणि जिथे काही पाहायचे राहून गेले आहे, तिथे ‘इथे शोधण्यासारखे अजून काही आहे’ अशी सूचना येते. एका ठिकाणची ही सूचना चार संध्याकाळी घालवूनही हटेना, तेव्हा मी गाइड, म्हणजे गेम कसा सोडवायचा हे कोणीतरी लिहून ठेवलेले पान, उघडले.

मला हवे होते ते उत्तर दुसऱ्याच ओळीत होते. परंतु पान खाली सरकले, नजर पुढच्या परिच्छेदावर गेली, आणि ज्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध माझा मला उमगायला हवा होता, तो तिथे एका वाक्यात लिहून ठेवलेला होता. पुढे मी गेम पूर्ण केला, पण शेवटचे काही तास मी शोध घेत नव्हतो, सांगितलेल्या जागी फक्त जाऊन येत होतो. याची रुखरुख अजून गेलेली नाही.

मला पडलेले कोडे वेगळेच आहे. ‘डार्क सोल्स’ (२०११) खेळताना मी सुरुवातीपासून गाइड शेजारी उघडे ठेवले होते आणि तरीही तो माझ्या सर्वांत आवडत्या गेमपैकी एक आहे. तिथे काही हरवल्यासारखे वाटले नाही आणि इथे एका वाक्याने सगळे हरवले, असे का व्हावे?

निळी शाई

आपल्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आहे. गेम कशाचा घडवलेला आहे हे आधी पाहावे लागते. ‘डार्क सोल्स’मध्ये ऑर्नस्टीन आणि स्मॉव हे दोन बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचे बलाढ्य शत्रू, एकाच वेळी अंगावर येतात. त्यांपैकी एक पडला की उरलेला त्याची शक्ती घेऊन पुन्हा भरल्या ताकदीने उभा राहतो. गाइडने हे आधी सांगितले तर कोणाला प्रथम पाडायचे एवढे ठरवता येते. स्मॉवचा हातोडा खाली येण्याच्या नेमक्या क्षणी बाजूला लोळण घेणे मात्र आपल्या बोटांनाच शिकावे लागते, आणि ते शिकण्यात जो घाम निघतो तोच तो गेम आहे. तिथे गाइड तुमच्याऐवजी खेळू शकत नाही.

‘आउटर वाइल्ड्स’ किंवा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) यांची गोष्ट निराळी आहे. ‘ओब्रा डिन’मध्ये जहाजावरच्या ६० जणांपैकी प्रत्येकाचे नाव काय आणि त्याचे पुढे काय झाले, हे वहीत भरायचे असते. अंदाजपंचे भरून निभावता येऊ नये म्हणून तिघांची माहिती बरोबर जुळल्याशिवाय गेम ती मान्य करत नाही. हाताचे कौशल्य इथे जवळजवळ लागतच नाही. एखाद्याच्या उच्चारावरून, कपड्यांवरून, तो कोणाच्या शेजारी उभा आहे यावरून आपण त्याच्या नावापर्यंत पोहोचतो, आणि हा पोहोचण्याचा रस्ता वगळला तर मागे उरते ती केवळ ६० नावांची यादी. शिवाय कळलेले पुन्हा नकळते करता येत नाही, त्यामुळे असा गेम माणसाला एकदाच खेळायला मिळतो. म्हणून अशा गेममध्ये पहिल्या वेळी गाइड उघडूच नये, अडकलो तर दोन दिवस बाजूला ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. पुष्कळदा उत्तर गेम बंद असतानाच सुचते.

जुनी कॅसेट

वरचा भेद मला पटतो. मात्र ‘एकट्याने सोडवले तेच खरे’ असा सूर त्यातून निघू नये, कारण इतिहास तसे सांगत नाही. १९८४ मध्ये नाम्को या जपानी कंपनीने आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून गेम खेळायच्या दुकानांसाठी, ‘द टॉवर ऑफ ड्रुआगा’ काढला. त्यात ६० मजले होते आणि बहुतेक मजल्यांवर एक पेटी दडवलेली असे. ती कशी प्रकट होते याची अट मजल्यागणिक वेगळी होती आणि गेम ती अट सांगत नसे. काही पेट्या न घेता वर गेल्यास पुढे मार्गच खुंटत असे. जपानमधल्या आर्केडांत खेळाडूंनी यासाठी वह्या ठेवल्या, ज्याला जे सापडले ते त्याने लिहिले आणि दुसऱ्याने त्यावरून पुढची पायरी गाठली. ती वही म्हणजे गाइडच होते, आणि तिच्याशिवाय तो गेम संपवणे अतिशय अवघड होते.

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ (१९८६) मध्येही हेच दिसते. सातव्या भुयाराचे दार एका तळ्याखाली आहे आणि ते उघडण्यासाठी तळ्याकाठी बासरी वाजवावी लागते. याचा संकेत एका म्हाताऱ्याच्या तोंडी आहे: जिथे पऱ्या राहत नाहीत तिथे गुपिते असतात. एवढ्याशा वाक्यावरून तळे ओळखणारे थोडे, आणि ज्याला ते ओळखता आले त्याच्याकडून ऐकणारे पुष्कळ. आठव्या भुयारासाठी तर एक विशिष्ट झुडूप मेणबत्तीने जाळावे लागते, आणि झुडपे नकाशाभर पसरलेली आहेत. खेळाडूंनी एकमेकांशी बोलावे ही निर्मात्यांची इच्छाच होती. ‘माइनक्राफ्ट’च्या मूळ संगणकावरच्या आवृत्तीत कुदळ करायची तर वरच्या ओळीत तीन फळ्या आणि मधल्या उभ्या रांगेत खाली दोन काठ्या मांडायच्या, हे २०१७ पर्यंत गेमच्या आत कुठेही लिहिलेले नव्हते, कृतींचे पुस्तक त्यानंतर आले. विकीचे पान उघडून खेळलेल्या असंख्य मुलांनी ‘माइनक्राफ्ट’ कमी खेळला, असे कोणी म्हणणार आहे का? अशा गेममध्ये सांगणे-ऐकणे हा खेळाचाच भाग आहे, आणि गाइड लिहिणारा हाही माझ्या लेखी खेळाडूच आहे. निव्वळ अक्षरे आणि चिन्हे जुळवून कोणी अख्ख्या भुयाराचा नकाशा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढलेला असे, तो पाहताना मला त्या अनोळखी माणसाबद्दल अतिशय कृतज्ञता वाटे.

सांजवेळ

मला आठवड्यात फार तर तीन तास मिळतात, त्यामुळे माझ्या बाजूनेही थोडे लिहिते. ‘फायनल फँटसी १२’ (२००६) मध्ये ‘झोडियाक स्पिअर’ नावाचा भाला आहे. चार ठरावीक पेट्यांपैकी एकही उघडली, तर तो हमखास मिळण्याची जागा कायमची हातची जाते. त्यांतल्या काही पेट्या गेमच्या सुरुवातीलाच येतात आणि त्या इतर पेट्यांसारख्याच दिसतात. समोर दिसलेली पेटी उघडणे हे अशा गेममध्ये शहाणपणाचे लक्षण. इथे त्याचीच शिक्षा होते. हे मला तीसेक तास खेळून झाल्यावर कळले आणि मी फार नाराज झाले. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत ही अट नाही. जिथे कळण्याला काही वावच ठेवलेला नाही, तिथे गाइड पाहिल्याने कोणता शोध हिरावला जातो? माझ्यासारख्या व्यक्तीने अशी माहिती आधी वाचून घ्यावी आणि वाचलेला वेळ कथेला व लढायांना द्यावा, हे मला सर्वस्वी योग्य वाटते.

पानगळ

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून मला वाटते, की आपण गाइड ही एकच वस्तू धरून बोलत आहोत. धागाकर्त्याचे नुकसान गाइड पाहिल्यामुळे झाले असे मला वाटत नाही. हवे होते त्याहून जास्त दिसले, त्यामुळे ते झाले. यावरचा उत्तम उपाय ऐंशीच्या दशकातच निघाला होता. ‘झॉर्क’ काढणारी इन्फोकॉम कंपनी ‘इन्व्हिजिक्लूज’ नावाच्या पुस्तिका विकत असे. त्यात अडचणीचा प्रश्न साध्या शाईत आणि त्याखाली रिकाम्या ओळी असत. सोबतचे पेन एका ओळीवरून फिरवले की पहिला, अगदी पुसटसा इशारा उमटे. तेवढ्याने भागले नाही तर दुसरी ओळ, मग तिसरी, आणि सरळ उत्तर सर्वांत शेवटी. नुसते प्रश्न वाचूनही पुढचे कळू नये, म्हणून काही प्रश्न मुद्दाम खोटे घातलेले असत. वाचणाऱ्याच्या आनंदाची इतकी काळजी घेणारे गाइड मला नंतर क्वचितच दिसले. आजचे वॉकथ्रू, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे सांगणारी गाइड, शोधयंत्रासाठी लिहिले जातात, त्यामुळे सगळे एका लांबलचक पानावर येते आणि अडलेल्या माणसाला नेमका एक घोट पाणी मिळण्याची सोय राहत नाही.

‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’ (२००९) मधली व्यवस्थाही मला अशीच भावते. एका लेव्हलमध्ये आठ वेळा प्राण गेले की हिरवा ठोकळा येतो; तो फोडला तर मारिओचा भाऊ लुइजी ती लेव्हल आपल्यासमोर खेळून दाखवतो, आणि मध्येच त्याला थांबवून सूत्रे आपल्या हाती घेता येतात. ठोकळा फोडायचा की नाही, हे मात्र खेळणाऱ्यावर सोडलेले असते.

अनवट

सर्वांचे मनापासून आभार. पानगळ यांचे म्हणणे मला लागू पडते. पहिला इशारा मिळून पान तिथेच संपले असते, तर मी आनंदाने परत फिरलो असतो. सांजवेळ यांच्या पेट्यांचा मुद्दाही मान्य आहे. तसल्या जागी मी आता निःशंकपणे गाइड पाहीन.

निळी शाई यांच्या प्रतिसादानंतर मी ‘ओब्रा डिन’ घेतला. आतापर्यंत बारा जण मान्य झाले आहेत. या गेममध्ये प्रत्येकाचा चेहरा आधी धूसर असतो आणि ओळख पटवण्याइतके आपण पाहिले की तो स्पष्ट होतो, म्हणजे ‘उत्तर तुझ्या डोळ्यांसमोरून गेले आहे’ इतकेच गेम सांगतो. कालपासून एक दाढीवाला माणूस असा स्पष्ट होऊन माझ्याकडे पाहतो आहे. त्याचे नाव मला अजून सापडलेले नाही, आणि कृपया ते इथे कोणीही लिहू नये.