जपान गेला, चीन आला, आता अमेरिका... एकाच गिऱ्हाइकावर किती दिवस?

डिचोलीकर
बाबांनी २००८ ला कर्ज काढून ट्रक घेतला, तेव्हा गोव्याचं लोहखनिज बहुतेक सगळं चीनला चाललेलं. त्याआधी पन्नासच्या दशकापासून मोठं गिऱ्हाईक जपान, भाव वर्षाचा ठरायचा. चीननं आमचा हलका, कमी लोखंडाचा मालपण उचलला जो आधी डंपात, म्हणजे टाकाऊ ढिगात जायचा, २०१०-११ ला गोव्यातून ५ कोटी टनांच्या वर गेला. आता तो ट्रक अंगणात आहे, चाकांत गवत वाढलंय, कोंबड्या केबिनमध्ये अंडी घालतात. देशाचं आता अमेरिकेशी तेच चाललंय, २०२४-२५ ला माल निर्यातीचा जवळपास पाचवा हिस्सा एकट्या तिकडे, आणि ऑगस्ट २०२५ ला त्यांनी आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ (आयात कर) लावला.

बार्जवाला वास्को
अरे पण खाणी चीननं बंद केल्या काय? २०१२ ला बेकायदा खाणींच्या चौकशीचा शाह आयोगाचा रिपोर्ट, मग बंदी, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ८८ खाणींची लीज रद्द केली. गिऱ्हाईक दारात उभं होतं. आणि टक्क्यांवर जाऊ नको रे. समज मांडवी नदीतून बार्जच्या १० फेऱ्या, त्यातल्या ८ जपानच्या. उद्या फेऱ्या ३० झाल्या आणि जपानच्या ८ च राहिल्या तर टक्का ८० वरून २७ वर, जपाननं काय कमी घेतलं?

डिचोलीकर
कोर्टाचं मान्य. पण २०१४ ला बंदी उठली आणि त्याच वर्षी भाव घसरायला लागला, टनाला १३० डॉलरच्या आसपास होता तो २०१५ च्या शेवटी ४० च्या घरात, कारण चीनची स्टीलची भूक मंदावली. बँकेचा हप्ता मात्र मंदावला नाही.

बार्जवाला वास्को
भाव जगभर पडला, ऑस्ट्रेलियानं पण माल ओतला होता. जपानला विकलं असतंस तरी तोच भाव.

वेर्णा नाईट शिफ्ट
आमची फॅक्टरी औषधांची. अमेरिकेचा माल म्हणजे लेबल वेगळं, परवानगी वेगळी, इन्स्पेक्शन वेगळं, तोच बॉक्स उचलून ब्राझीलला पाठवता येत नाही, वर्षं जातात. औषधं त्या टॅरिफमधून वगळली म्हणून आम्ही वाचलो, तिरुप्पूरच्या कपडेवाल्यांचं तसं झालं नाही. "बाजार बदला" बोलायला सोपं.

जुनी वही
बदलतो पण. १९६०-६१ ला भारताच्या निर्यातीचा पाव हिस्सा एकटा ब्रिटन घ्यायचा, आता ३ टक्क्यांच्या आसपास. सोव्हिएत युनियन १९८० च्या सुमाराला सहावा हिस्सा, त्याचे पैसेही रुपयात, १९९१ ला तो देशच राहिला नाही. ब्रिटनचं हळूहळू झालं म्हणून कुणी रडलं नाही, रशियाचं एकदम झालं. मला वाटतं टक्का किती ह्याच्यापेक्षा तो किती वेगानं पडेल ते बघा. आणि हो, निर्यातीच्या यादीत नेदरलँड्स वर चढलंय म्हणून उड्या मारू नका, त्यात रिफायनरीचं डिझेल बरंच आहे, तिथल्या रॉटरडॅम बंदरात उतरून पुढे भलतीकडेच जातं.

डिचोलीकर
वेग बघायचा म्हणजे कसा? आमचा ट्रक एका दिवसात थांबला.

बार्जवाला वास्को
तो कोर्टानं थांबवला रे, परत तेच!