बाबा नागपूरहून लंडनला येऊन राहिले, त्यांना काय काय दाखवू?

धरमपेठचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, सध्या लंडनमध्ये हॅरोच्या बाजूला राहतो. मे महिन्यात बाबा येऊन राहिले, पहिल्यांदाच आणि एकटेच. वय 71, तब्येत तशी ठणठणीत, रोज सकाळी अंबाझरीला फिरायला जातात, पण गुडघा कुरकुर करतो, जिने जास्त झाले की खालीच बसतात. मला सुट्टी मोजकी, बायकोचंही तेच, म्हणजे सोम ते शुक्र बाबा घरी एकटे. मी मस्तपैकी एक्सेल बनवली, लंडन आय, टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस, मादाम तुसाद, सगळं वारानुसार टाकलं आणि व्हॉट्सॲपवर पाठवली. बाबांचं उत्तर आलं, "ठीक आहे. ते वाघनखं दिसतील का?" बस, एवढंच! आता हा माणूस तिकडे टपरीवर दोन तास पेपर वाचणारा, बर्डीच्या बाजारात चार मित्र भेटल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही, तो इकडे दिवसभर काय करेल हेच मला समजून नाही राहिलं. ज्यांचे आईबाबा येऊन गेले त्यांनी सांगा ना.

अजब_बंगला
अबे वाघनखं आता तिथं कुठं! लंडनच्या व्ही अँड ए म्युझियमनं 2024 मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिली ना, आधी साताऱ्यात होती अन मग 2025 मध्ये आपल्याच अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या म्युझियममध्ये. बाबांनी पाहिली नाहीत काय? तरी ते म्युझियम दाखवच, टिपू सुलतानचा लाकडी वाघ आहे तिथं, गोऱ्या शिपायाच्या छातीवर बसलेला, पोटात बाजा आहे त्याच्या. आत जायला पैसे नाही लागत. अन नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार पण लंडनच्याच लिलावात निघाली होती, ती 2025 मध्ये आपल्या सरकारनं घेतली. म्हणजे बाबांना जे पाह्यचं ते सगळं इकडे येऊन राहिलं अन बाबा चालले तिकडे 😂

वैदर्भी_लंडनवाली
एक्सेल राहू दे बाजूला. मादाम तुसाद तर पहिले काढ, मेणाच्या पुतळ्यांना एवढे पाऊंड देऊन बाबा आयुष्यभर ऐकवतील.

माझ्या मते बस हीच खरी साइटसीइंग. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी समोरची सीट पकडायची, एकदा कार्ड टॅप केलं की तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे लागत नाहीत. फक्त वर चढायला जिना आहे, बस थांबलेली असतानाच चढवा. बसमध्ये कॅश चालत नाही, आणि हो, प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं जाता येत नाही, त्यामुळे बाबांना स्वतःचं ऑयस्टर, म्हणजे इथलं प्रवासाचं कार्ड, काढून दे. साठीनंतर जो फुकट पास मिळतो तो लंडनला राहणाऱ्यांनाच, पाहुण्यांना नाही. ट्यूबच्या (इथल्या मेट्रोच्या) मॅपवर व्हीलचेअरची खूण असलेली स्टेशनं बघूनच निघायचं, एलिझाबेथ लाइनवर तर सगळीकडे लिफ्ट किंवा रॅम्प आहे. गुडघेवाल्यांसाठी सोन्यासारखी लाइन.

आता नागपूरकर म्हणून दोन जागा. एक ग्रीनिच. झीरो माइलचा दगड ज्या गावात आहे तिथला माणूस, त्याला शून्य रेखांशावर एक पाय इकडे एक पाय तिकडे उभं करा, फोटो आपोआप फॅमिली ग्रुपवर जातो. ऑब्झर्व्हेटरीच्या आत तिकीट आहे, पण बाहेर भिंतीवर पण ती रेघ दाखवलेली आहे, तिथं फुकटात काम होतं. नदीकडून गेलं तर चांगला चढ आहे, ब्लॅकहीथच्या बाजूनं बसनं जा, तिकडून सपाट पडतं. दुसरी, किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर. 1921-22 मध्ये शिकायला होते तेव्हा तिथं राहायचे, बाहेर निळी पाटी आहे. महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये विकत घेतलं ते. माझे बाबा दरवर्षी दीक्षाभूमीवर जाणारे, ते त्या पाटीसमोर बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग मलाच म्हणाले, "चप्पल काढायची का गं?" उघडं कधी असतं ते आधी बघून जा. तिथून प्रिमरोझ हिल पाच-दहा मिनिटांवर आहे, जमलं तर हळूहळू चढा, सगळं लंडन दिसतं.

फिरस्ता_44
एवढ्या दूर येऊन राहिले तर फक्त लंडन काय? दहा दिवसांची युरोप टूर करून टाका ना, पॅरिस, स्वित्झर्लंड, सगळं होऊन जातं.

वैदर्भी_लंडनवाली
@फिरस्ता_44 यूकेच्या व्हिसावर युरोप होत नाही भाऊ, शेंगेन वेगळा काढावा लागतो, तोही नागपूरहून निघायच्या आधी. आणि दुखऱ्या गुडघ्याला रोज पहाटे सहाला बॅग घेऊन लॉबीत उभं करायचं?

प्रतापनगरची_काकू
बेटा, मी त्या बाजूची आहे, म्हणजे येणाऱ्यांपैकी. माझा मुलगा लेस्टरला असतो. रविवार आला की पोरगं चार-चार जागा दाखवायचं, मी फोटोत हसायची अन घरी येऊन मिठाच्या पाण्यात पाय घालून बसायची. त्याला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही. मला खरी मजा आली ती सुनेनं घराची किल्ली हातात दिली तेव्हापासून. तिनं दोनदा सोबत येऊन बेलग्रेव्ह रोडची बस दाखवली, तिसऱ्यांदा म्हणाली आता तुम्ही जा. तिकडे सगळी गुजराती दुकानं, भाजीवाला हिंदीत बोलते, मेथी घेतली, आलं घेतलं, बाकावर बसली, एका बडोद्याच्या बाईशी ओळख झाली. मग रोजचंच झालं. तुझ्या बाबांना पण एक रस्ता पक्का शिकव, हॅरोहून वेंबलीच्या ईलिंग रोडला बस जाते ना. खिशात पत्ता लिहिलेला कागद, इथलं सिम, अन ऑफिसातून दर तासाला फोन नको करू, आम्ही काय हरवून नाही राहिलो. जवळची लायब्ररी पण दाखव, हीटर असते, बाथरूम असते, कोणी उठवत नाही. अन स्वेटर! नागपूरच्या 45 मधून येतील अन म्हणतील मे महिन्यात कायले पाहिजे. पाहिजे.

डॉक्टर_नाही_मी
इन्शुरन्स नक्की काढा आणि बीपी-शुगर जे असेल ते त्यात लिहा, लपवू नका. इमर्जन्सीला तपासतात पैसे न घेता, पण भरती करावं लागलं तर व्हिजिटरला एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) दीडपट दरानं बिल लावते. गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव.

धरमपेठचा_पोट्टा
सगळ्यांना थँक्यू. काकू, तुमचा मेसेज बायकोला वाचून दाखवला, तिनं लगेच जास्तीची किल्ली करायला टाकली. आता शनिवारी फक्त एक जागा, रविवारी आराम, बाकी बस अन ईलिंग रोड. आज बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणतात ग्रीनिचला जाऊ, आपला झीरो माइल मोठा की यांचा ते पाहू. अजून एक, ते विचारून राहिले संत्रा बर्फी किती किलो आणू?

वैदर्भी_लंडनवाली
शून्य किलो 😄 भारतातून दूध-खव्याची मिठाई आणायला परवानगी नाही, एअरपोर्टवर काढून घेतात. चिवडा आणि सावजी मसाला आणू दे, आणि पाकीट घट्ट पॅक करा, नाहीतर सगळे स्वेटर रश्श्याचे वास मारतील.