‘स्वतःसाठी होतं’ म्हणे पळवाट!

बाररूमचा चहा: काल इथे एकाने ठणकावून लिहिलंय, ‘ज्याच्या खिशात अमली पदार्थ सापडला तो विकणाराच. स्वतःसाठी होतं, ही वकिलांनी पढवलेली पळवाट.’ डोकं फिरलं वाचून. अहो, ती वाट अमली पदार्थांच्या कायद्याच्या (एनडीपीएस) २००१ च्या दुरुस्तीतच बुजली! आधी कलम २७ खाली आरोपीनेच सिद्ध करायचं की माल माझ्या वापराचा आहे. आता हेतू विचारतो कोण? काटा विचारतो. गांजा १ किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या वर व्यावसायिक. एमडीला, म्हणजे मेफेड्रोनला, तेच आकडे २ आणि ५० ग्रॅम. शनिवारच्या पार्टीला ३ ग्रॅम घेऊन निघालेला पोरगा आणि ४५ ग्रॅमच्या पुड्या बांधून विकणारा, दोघे मधल्या एकाच खणात, शिक्षा १० वर्षांपर्यंत.

शेट्ये दादरवाले: ‘पर्यंत’ वाचलंत ना? मग झालं. ३ ग्रॅमवाल्याला कुठला न्यायाधीश १० वर्षं ठोकतो? हेतूवर गेलात तर उद्या १८ किलोवाला म्हणेल, साहेब, एकटाच ओढतो, वर्षाचे गहू भरावेत तसा भरून ठेवलाय. माझा भाचा एमडीपायी गेला. त्याला देणारा कधी २ ग्रॅमच्या वर अंगावर बाळगायचा नाही. बाकीचा माल जिन्याखाली मीटरच्या पेटीत. मला अक्कल शिकवू नका.

बाररूमचा चहा: भाच्याचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत की. तुमच्या काट्यावर तो विकणारा ‘अल्प’ ठरतो, फार तर १ वर्ष. आणि २०२० पासून भेसळीसकट वजन धरतात. विकणाऱ्याने ग्लुकोज मिसळायचं, शिक्षा गिऱ्हाइकाची वाढायची.

म्हापशेकार: काट्याचं कौतुक आम्हाला सांगू नका. गोव्यात एका परदेशी माणसाकडे चरसाचे दोन तुकडे सापडले, लॅबला पाठवला एकच. सुप्रीम कोर्टाने १९९३ साली तेवढाच सिद्ध धरला. तो तेव्हाच्या ५ ग्रॅमच्या मर्यादेतला, म्हणजे स्वतःच्या वापराचा. १० वर्षांचे ६ महिने झाले. दुसरा तुकडा पाठवायचा कंटाळा कुणाला आला देव जाणे.

निवृत्त पंच: काट्यावरून आठवलं. २०११ साली रिक्षाची वाट बघत उभा होतो, मला आणि एका फुलवाल्याला पंच म्हणून उचलून नेलं. काटा शेजारच्या किराणावाल्याचा, तांदळाची भुकटी तशीच पारड्यात. गांजा ओलसर, काड्यांसकट, गोणपाटाच्या पिशवीत. पिशवीसकट ठेवला, १ किलो ४० ग्रॅम. म्हटलं, पिशवी काढा की. हवालदार म्हणाले, ‘काका, सही करा, सीलची लाख गार होतेय.’ पाच वर्षांनी साक्षीला बोलावलं. चार तारखा फुकट. शेवटी उभा राहिलो आणि वजन पिशवीसकट होतं म्हणून सांगितलं, तर सरकारी वकिलांनी मलाच फितूर ठरवलं!

शेट्ये दादरवाले: तुमच्यासारख्या पंचांमुळेच सुटतात हे लोक. सही करताना तोंडात काय होतं?

निवृत्त पंच: पान होतं. आणि खिशात नातीच्या बारशाचं सामान. रात्री नऊला चौकीत उभं राहून बघा, मग बोला.

फुलोरा: शेट्ये, जरा दमाने. कायद्यात गांजा म्हणजे झाडाच्या शेंड्यांचा फुलोरा. नुसती पानं आणि बिया गांजात येतच नाहीत. शेंडे सोबत असले तर मात्र सगळंच तोलतात. काकांनी पिशवीचं विचारलं तेवढं तरी कुणी विचारतं का?

बाररूमचा चहा: धागा हेतूचा होता हो! पुड्या किती, काटा घरात होता का, रिकाम्या पिशव्या, हिशेबाची वही, फोनमधले ‘भाऊ आहे का’ वाले मेसेज, यावरून विकणारा ओळखता येतो. कोर्टात यावर दहा मिनिटं जातात, वजनावर दहा तारखा.

शेट्ये दादरवाले: बरं बाबा, पुड्या मोजा, वह्या वाचा. अल्पवाल्यालाही मग त्याच मापाने विकणारा ठरवा, तेव्हा ‘अन्याय’ म्हणून ओरडू नका. आणि काकांची पिशवी वजा करा, ४० ग्रॅम सोडले मी.

म्हापशेकार: वा, दादर दिलदार झालं! १ किलो भरला म्हणजे काकांचा आरोपी अल्पात बसला. पण काका, गोणपाटाची पिशवी ४० ग्रॅमची असते होय?

निवृत्त पंच: आत्ताच घरातली तोलली. ११० भरली.