दुकानांच्या पाट्यांना एकच पट्टी ठरवून द्यावी का?

पेठेतला रहिवासी:
आमच्या बाजारपेठेत जुन्या लाकडी गॅलऱ्यांचे वाडे आहेत, पण रस्त्यावरून आता एकही गॅलरी दिसत नाही. एसीपी शीट (ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे) आणि फ्लेक्सने पार दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळं झाकून टाकलंय. माझं म्हणणं सरळ आहे. नगरपालिकेने शटरच्या वर एक पट्टी ठरवून द्यावी, पाटी तेवढ्यातच बसवायची. नाव आणि काय मिळतं, एवढंच लिहायचं. मालकाचा फोटो आणि तीन-तीन मोबाईल नंबर कशाला? जयपूरच्या जुन्या शहरात पाट्या एकसारख्या आहेत, म्हणून बापू बाजार ओस पडला का?

कापडवाला:
जयपूरला लोक शहरच बघायला येतात. आमच्याकडे गिऱ्हाईक लग्नाचा बस्ता बांधायला येतं, तेही गाडी कुठे लावू या घाईत. माझा गाळा बोळात, दर्शनी भाग जेमतेम आठ फूट. कोपऱ्यावरच्या शोरूमला चाळीस फूट. पट्टी सारखी केली की त्याची पाटी आपोआप माझ्या पाचपट. भिंतीला सपाट लावलेली पाटी समोर उभं राहिल्याशिवाय वाचता येत नाही. मला चालते ती भिंतीतून बाहेर आलेली, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी पाटी. नेमकी तीच तुम्हाला काढायचीय.

बोर्ड बनवणारा:
दोघेही मापावर बोलताय, मी अक्षरावर बोलतो. धंद्यातला ढोबळ हिशोब असा, की दहा फुटांवरून नीट वाचायचं तर एक इंच उंचीचं अक्षर लागतं. पन्नास फुटांवरून पाच इंच. पण हा हिशोब इंग्रजी कॅपिटल अक्षरांचा. आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. त्यांची जागा सोडून शिरोरेषेखालचं अक्षर पाच इंच धरावं लागतं, म्हणजे पाटीची उंची वाढते. ते न केल्यामुळे मराठी नाव बारीक दिसतं. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात पाटीवर मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही, २०२३ला सुप्रीम कोर्टाने मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा घाईत कितीतरी पाट्यांवर मराठी नुसतं कोंबलं गेलं.

रात्रीचं तर विचारू नका. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक शिरोरेषेतल्या फटीचा. आत जास्त एलईडी भरले की ती फट उजेडात बुजते. अनुस्वाराचा टिंब वेगळा चिकटवलेला असतो, तो पावसाळ्यात गळतो आणि ‘अंबिका’ची ‘अबिका’ होते. टिंबाला मागून स्क्रू मारा, एवढं तरी कारागिराला बजावून सांगा.

पेठेतला रहिवासी:
मग माझाच मुद्दा झाला. शब्द कमी केले तरच अक्षर मोठं होईल. आणि सुरक्षेचं काय? १३ मे २०२४ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. परवानगीची मर्यादा ४० बाय ४० फूट, ते होतं १२० बाय १२०.

कापडवाला:
दादा, ते पेट्रोल पंपावरचं जाहिरातीचं होर्डिंग होतं. त्याचं पाप आठ फुटी गाळ्यावर टाकू नका. सांगाडे तपासा, माझाही तपासा. पण एक ऐका. आमच्या बोळातल्या निम्म्या पाट्या रंगाच्या, नाहीतर थंड पेयाच्या कंपनीने फुकट करून दिल्यात, म्हणून त्यांवर कंपनीचं नाव दुकानापेक्षा मोठं. तुमचा नियम आला की ती फुकटची पाटी गेली. नव्या पाटीचा खर्च कोणी करायचा?

सातारकर:
मला एकसारखेपणाच नको आहे. मुंबईतल्या इराणी हॉटेलांच्या जुन्या पाट्यांची अक्षरं बघा, दुरून ओळख पटते. सगळं एका फॉन्टमध्ये केलं तर सरकारी वसाहत होईल.

पेठेतला रहिवासी:
फॉन्ट मी कुठे ठरवतोय? जागा ठरवा, अक्षर ज्याचं त्याने निवडावं. खर्चाचा मुद्दा रास्त आहे. पहिल्या वर्षी नगरपालिकेने पाटीचं शुल्क माफ करावं.

कापडवाला:
शुल्कमाफीने पाटी होत नाही. बोळातल्या गाळ्यांना बाहेर आलेली दोन फुटांची पाटी लेखी मंजूर करा, मग तुम्ही नगरपालिकेला अर्ज द्या, त्यावर पहिली सही माझी. तोवर माझा विरोधच.

बोर्ड बनवणारा:
दोन फूट पुरे आहेत. पण नाव चार अक्षरांच्या आत ठेवा, आणि खालची कड जमिनीपासून आठ-नऊ फूट उंच घ्या, नाहीतर टेम्पोवाला पहिल्याच आठवड्यात उडवेल.