मदत हवी आहे: फुफ्फुसाची सोनोग्राफी ज्युनिअर्सना कशी शिकवावी?

नमस्कार. तालुक्याच्या गावी छोट्या रुग्णालयात फिजिशियन आहे. सीटी स्कॅनसाठी पेशंटला दीड तास लांब पाठवावं लागतं, म्हणून धाप लागलेल्या पेशंटच्या छातीवर आधी प्रोब ठेवतो. बरगड्यांच्या एकाच फटीत तीन किंवा जास्त बी-लाइन्स (पडद्यावर खाली जाणाऱ्या उभ्या चमकदार रेघा) दिसल्या की फुफ्फुसात पाणी आहे का, याचा विचार सुरू होतो. एवढं हाताखालच्या दोन एमबीबीएस डॉक्टरांनाही जमतं.

अडतंय ते न्यूमोथोरॅक्सपाशी, म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठते तिथे. गेल्या महिन्यात सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद होण्याचा जुनाट आजार) एका आजोबांना रात्री अचानक धाप लागली. उजवीकडे वर प्लुराचं (फुफ्फुसाच्या आवरणाचं) सरकणं दिसेना, एम-मोडवर (हालचाल रेघांत दाखवणाऱ्या मोडवर) बारकोडसारख्या सरळ रेघा. हवा काढायला छातीत नळी घालायची तयारी झाली होती. लंग पॉइंट (सरकणारा आणि न सरकणारा भाग जिथे भेटतात ती जागा, न्यूमोथोरॅक्सची खूण) काही सापडत नव्हता, म्हणून थांबून एक्स-रे काढला, तर मोठा बुला (फुफ्फुसातलाच हवेचा फुगा)! नळी घातली असती तर काय झालं असतं, हे अजून डोक्यातून जात नाही.

सरकणं दिसलं तर त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही, पण दिसलं नाही म्हणून तो आहेच असं नाही, हे मी दोघांना सांगतो. पण सांगणं वेगळं आणि रात्री दोन वाजता एकट्याने ठरवणं वेगळं. लंग पॉइंट शोधायचा सराव तुम्ही कशावर करून घेता? स्वतंत्रपणे निर्णय घेऊ देण्याआधी किती स्कॅन शेजारी उभं राहून बघता? आणि पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा) खालच्या सोनोग्राफी नोंदणीत अशा डॉक्टरांची नावं कशी घेतलीत, तेही कृपया सांगा.